काकवीवर थांबलेलं राज्य

शाहूपुरीच्या गूळबाजारात एका अडत्याच्या पेढीवर मी एकतीस वर्षं दिवाणजी होतो. रव्याला नख लावायचं, चिमूट जिभेवर ठेवायची आणि तो माळावरच्या उसाचा की नदीकाठच्या मळीतला हे सांगायचं, एवढीच माझी विद्या. वडिलांचं भाऊबंदांत मिळून गुऱ्हाळ होतं, तेव्हा लहानपण चुलवाणाच्या धगीतच गेलं. हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुढं लिहिलंय ते अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्याबद्दल, आणि ते राज्य मी गुळाच्या बाजूनं पाहिलंय. दुसरी बाजू मला येत नाही.

लेक बर्लिंग्टनला असते. शॅम्प्लेन सरोवराच्या काठचं हे राज्यातलं सर्वांत मोठं शहर, आणि तरी आपल्या इचलकरंजीच्या पासंगाला पुरणार नाही. अख्ख्या राज्याची वस्ती २०२० च्या शिरगणतीत ६,४३,०७७ भरली. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या तिप्पट जमीन आणि माणसं सहाव्या हिश्शाची. मधोमध उत्तर-दक्षिण ग्रीन पर्वताचा कणा. राज्याचं नावच ‘हिरवा डोंगर’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून पडलेलं. सर्वांत उंच शिखर मॅन्सफील्ड, ते आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरनं ठेंगणं. पूर्वेला कनेटिकट नदी, पश्चिमेला सरोवर. न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांत समुद्र न लाभलेलं हे एकटंच.

मी गेलो मार्चमध्ये. तिथं मार्चमध्ये वसंत वगैरे काही नसतो, चिखल असतो. वरचा बर्फ वितळलेला, खालची जमीन अजून गोठलेली, पाणी मुरायला जागा नाही; त्यात राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे. तिथले लोक या दिवसांना सरळ ‘चिखलाचा ऋतू’ म्हणतात. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव ग्रामसभा भरते, आणि यंदा रस्त्यांवर किती खर्चायचं हे कित्येक गावांत अजून समोरासमोर बसून ठरतं. अशाच एका रस्त्यावरून जावईबापू गाडी सांभाळत नेत होते. काच जराशी खाली होती आणि वास आला. आधण उतरणीला लागल्यावर येतो त्याच जातीचा, फक्त त्यात उसाचा हिरवा दर्प नव्हता. ओल्या लाकडाचा काहीतरी होता. मी गाडी थांबवायला सांगितली.

टेकडीच्या उतरणीवर फळ्यांचं एक घर होतं. छपराच्या माथ्यावर आणखी एक छोटं छप्पर, त्याच्या दोन्ही बाजूंच्या झडपा उघडलेल्या आणि त्यातून पांढरी वाफ लोटत होती. ते याला शुगरहाउस म्हणतात. मालक सत्तरीचा. माझं इंग्रजी बाजारापुरतं, आणि त्याचं बोलणं त्याहूनही कमी. मध्ये लेक दुभाषी. तरी फारसं अडलं नाही. त्यानं पळी पाकात बुडवून आडवी धरली. पाक थेंबाथेंबानं पडेना, कडेला पडद्यासारखा लोंबला. झालं म्हणजे. आमच्याकडं गुळव्या थंड पाण्यात टाकून गोळी बघतो. दोघांची तपासणी एकाच कुळातली. मध्येच फेस उसळला तसा त्यानं लोण्याचा एक खडा त्यात टाकला आणि फेस जागच्या जागी बसला. पूर्वी म्हणे काहिलीवर खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीनं टांगून ठेवत, फेस तिथवर चढला की आपोआप खाली यायचा. आमच्यात एरंडेलाचे थेंब टाकतात. जगाच्या दोन टोकांना दोन अडाणी माणसांना फेसावर तेलकटाचाच उतारा सुचावा, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

फरक होता तो काहिलीत. आमची काहील गोल, एका वेळी एक आधण. रस ओता, मळी काढा, आटवा, वाफ्यात ओता, पुन्हा पहिल्यापासून. त्याची काहील लांबट चौकोनी, आत आडव्या भिंती घालून केलेली नागमोडी वाट. एका टोकाला कच्चा रस थेंबाथेंबानं आत येतो, वाटेनं सरकत सरकत दाट होतो आणि दुसऱ्या टोकाच्या तोटीतून पाक निघतो. आधण संपतच नाही. दारात सरपणाचा ढीग पुरुषभर उंच. मी चिपाडाचा ढीग शोधत होतो, तो अर्थातच नव्हता. उसाला जळण उसातूनच मिळतं. झाड काही पिळता येत नाही.

मग त्यानं पेलाभर कच्चा रस दिला. मी चाखला आणि लेकीला म्हणालो, “अगं, हे पाणी आहे.” तिनं त्याला सांगितलं की नाही कोण जाणे, पण तो हसला. मेपलच्या रसात साखर असते दोन टक्क्यांच्या आसपास. उसाच्या रसात अठरा-वीस. त्यांचा एक ठोकताळा आहे: रसात साखर जितके टक्के, त्यानं ८६ ला भागायचं, येईल तितके गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन पाक. म्हणजे चाळीसच्या पुढंच. पाच-सहा लिटर रसात किलोभर गूळ उतरवणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हा धंदा वेडेपणाचाच वाटणार. झाड तीस-चाळीस वर्षांचं झाल्याशिवाय भोक पाडत नाहीत, आणि एका भोकातून हंगामभरात मिळतो दहाएक गॅलन रस. तोही हवामानाची मर्जी असेल तर. रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं. रात्रीच्या गारठ्यात झाड पाणी ओढून घेतं आणि दिवसाच्या उबेला आत दाब चढून रस भोकातून ठिबकतो. थंडी सलग राहिली तर रस नाही, ऊब सलग राहिली तरी नाही. चार-सहा आठवड्यांत फांद्यांवर कळ्या फुगतात, रसाला वाईट चव येते आणि खेळ खलास.

ही विद्या गोऱ्यांची नव्हे. शॅम्प्लेन नावाचा फ्रेंच माणूस १६०९ साली त्या सरोवरावर आला आणि त्याला स्वतःचं नाव देऊन गेला, त्याच्या किती आधीपासून अबेनाकी लोक तिथं नांदत होते. सालीला खाच पाडायची, भूर्जाच्या सालीच्या द्रोणात रस धरायचा, तापवलेले दगड त्यात सोडून तो आटवायचा. दुसरी युक्ती मला अधिक आवडली. रस रात्रभर उघड्यावर ठेवायचा. सकाळी वर बर्फ धरतो तो फेकून द्यायचा. गोठतं ते पाणी, उरतो तो गोडवा. जळण शून्य. मागाहून आलेल्या वसाहतवाल्यांनी लोखंडी हंडे आणले आणि कुऱ्हाडीनं झाडाला एवढाल्या जखमा केल्या की झाडं मरू लागली. मग कुठं ते सामत्यानं बारीक भोक पाडायला शिकले.

आता राज्याचा जन्म. न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरानं इथल्या जमिनी लोकांना पट्ट्यानं दिल्या होत्या आणि न्यूयॉर्क म्हणत होतं, जमीन आमची, पट्टे खोटे. आपल्याकडच्या वतनाच्या भांडणासारखंच, फक्त इथं त्यातून राज्य निघालं. इथन ॲलन आणि त्याचे ‘ग्रीन माउंटन बॉइज’ यांनी न्यूयॉर्कच्या माणसांना पिटाळायचं काम बरीच वर्षं मनापासून केलं. १७७७ साली विंडसर गावच्या एका सराईत बसून इथल्या प्रतिनिधींनी आपली राज्यघटना मंजूर केली. प्रौढ माणसाला गुलाम ठेवता येणार नाही, असं तिच्या पहिल्याच कलमात आहे. पुरुष एकवीसचा, बाई अठराची झाली की सुटली. त्याहून लहानांचं काय, हा प्रश्न कलमाच्या फटीतून निसटला आणि व्हायचा तो गैरफायदा झालाच. तरी त्या काळी अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच राज्याच्या घटनेत एवढंही नव्हतं. चौदा वर्षं हा मुलूख स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून राहिला, तांब्याची नाणीही पाडली. शेवटी न्यूयॉर्कला ३०,००० डॉलर देऊन भांडण मिटवलं आणि ४ मार्च १७९१ रोजी, रस सुटायच्या ऐन हंगामात, चौदावं राज्य म्हणून संघराज्यात दाखल झालं.

त्याच वर्षी गूळ राजकारणात आला. साखर तेव्हा कॅरिबियन बेटांवरून यायची, आणि ती गुलामांच्या रक्तावर पिकते हे आता युरोप-अमेरिकेत उघड बोललं जाऊ लागलं होतं. इंग्लंडात हजारो घरांनी ती साखर वर्ज्य केली. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी मेपलच्या साखरेवर एक निबंधच लिहिला आणि तो पत्ररूपानं थॉमस जेफरसनना उद्देशून. थोडक्यात म्हणणं असं: घरचं झाड, घरची चूल, घरच्या बायकापोरांचे हात, उसाच्या गुलामगिरीला हा उतारा. जेफरसन स्वतः मॅडिसनना बरोबर घेऊन त्या उन्हाळ्याच्या तोंडाला व्हर्मांटात बेनिंग्टनपर्यंत जाऊन आले, आणि परत गेल्यावर व्हर्जिनियातल्या आपल्या माँटिसेलोच्या वाडीत मेपलची रोपं लावली. ती रोपं काही धरली नाहीत. व्हर्जिनियाची थंडी मेपलला पुरेशी नाही हे एक. पण शेकडो गुलामांच्या जिवावर चाललेल्या वाडीत गुलामगिरीविरोधी झाड लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जाता जाता एक: इंग्लंडातल्या बहिष्कारवाल्यांना पुढं दुसरी सोय सापडली ती हिंदुस्थानच्या साखरेची. ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांच्या हातची नव्हे’ अशा अर्थाची अक्षरं घातलेली साखरेची भांडी तिकडं घरोघरी दिसू लागली. कंपनी सरकारच्या राज्यात आपला रयत किती सुखात होता, हे त्या भांड्यावर लिहायला जागा नव्हती.

मेपलनं उसाला हरवलं नाही. पण डोंगराळ शेतकऱ्याच्या घरात ते घट्ट बसलं, आणि त्याचं कारण तत्त्वज्ञानात नाही, पंचांगात आहे. मार्चमध्ये नांगर घालता येत नाही, घोडे रिकामे, गडी रिकामे, लाकूड रानातलं. वर्षातला पहिला रोकडा पैसा याच दिवसांत दिसायचा. आणि तेव्हा जे करत तो पाक नव्हता, गूळच होता. आटवून आटवून घट्ट केलेल्या ढेपा, लाकडी टबांत भरून ठेवलेली भुरी साखर. विकतची साखर परवडत नाही अशा घरांचं ते रोजचं गोड. पाक टिकत नसे, त्याला डबे नव्हते. तो मधल्या अवस्थेतला माल, आमच्या काकवीसारखा, करता करता पोरांच्या वाटीत पडणारा.

मधल्या काळात व्हर्मांटला मेंढीनं झपाटलं होतं. विल्यम जार्विस हा लिस्बनला अमेरिकेचा वकील होता. स्पेनमध्ये नेपोलियनचं युद्ध पेटलं आणि जपून ठेवलेली मेरिनो मेंढरं विकायला निघाली, ती त्यानं बोटीत घालून वेदर्सफील्डच्या आपल्या शेतावर आणली. १८४० पर्यंत राज्यात माणसं तीन लाखांच्या आत आणि मेंढ्या सतरा लाखांच्या घरात. डोंगरच्या डोंगर बोडके करून कुरणं केली, दगडी बांध घातले. मग परदेशी लोकरीवरची जकात उतरली, इरी कालव्यानं आणि आगगाडीनं पश्चिमेचा स्वस्त माल दारात आणला, आणि माणसं शेतं टाकून तिकडं चालती झाली. आज त्या राज्याचा तीन चतुर्थांश भाग पुन्हा जंगल आहे. रानात फिरताना मध्येच बांध लागतो, कशाचाही नसलेला. वुडस्टॉकच्या जॉर्ज पर्किन्स मार्शनं लहानपणी हे डोंगर बोडके होताना आणि ओढ्यांना लाल पूर येताना पाहिले होते. १८६४ साली त्यानं माणूस पृथ्वीची काय दशा करतो यावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या मुळाशी हे डोंगर आहेत. या सगळ्या तोडीत ज्या राया वाचल्या त्यांत मेपलच्या राया पुष्कळ. रस देणाऱ्या झाडावर कुऱ्हाड घालायला हात धजत नव्हता.

आता माझा खरा मुद्दा. यादवी युद्धानंतर कारखान्याची पांढरी साखर पैशाला पासरी झाली आणि मेपलचा गूळ बाजारातून उठला. आमच्या गुऱ्हाळांचं पुढं शंभर वर्षांनी सहकारी कारखान्यांपुढं जे झालं तेच. पण तिथल्या माणसानं काय केलं? काहील लवकर उतरवली. गुळाला ११८ अंशांपर्यंत चढावं लागतं. काकवी १०४-१०५ वरच तयार होते. पत्र्याचे डबे आलेले होते, नागमोडी वाटेची नवी काहीलही आली होती. जो माल गरिबाची साखर म्हणून हरला, तोच अर्ध्यावर उतरवून त्यांनी श्रीमंताच्या न्याहारीचा पाक म्हणून विकला. सरपण वाचलं आणि भाव वाढला. अडत्याच्या पेढीवर बसून मी एवढी वर्षं गुळाची उतरती कळा पाहिली. काकवी बाटलीत भरून मिरवावी, हे आमच्या बाजाराला सुचलं ते फार उशिरा.

हे काही एका रात्रीत झालं नाही. मधल्या काळात त्या गुळाला तगवलं ते तंबाखूनं. जॉर्ज केरी नावाच्या किराणा मालाच्या फिरत्या विक्रेत्याला एकदा पैशाऐवजी मेपलचा गूळ घ्यावा लागला. तो खपवायला त्यानं तंबाखूवाला गाठला. चघळायच्या तंबाखूच्या वड्यांना स्वाद द्यायला तो गूळ चालला, आणि सेंट जॉन्सबरी गावात केरीची एवढी मोठी कंपनी उभी राहिली की गाव स्वतःला जगाची मेपल-पेठ म्हणवू लागलं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. आमच्याकडचा हलका, पाझरलेला रवाही गुडाखूवालेच उचलायचे.

भेसळही आलीच. उसाचा नाहीतर मक्याचा पाक, त्यात चवीपुरतं मेपल, वर डब्यावर बर्फातल्या झोपडीचं चित्र. त्याविरुद्ध १८९३ साली व्हर्मांटच्या उत्पादकांनी संघ काढला. १९०६ चा अन्नशुद्धीचा कायदा आल्यावर जोर मिळाला. आजही व्हर्मांट आपला पाक शेजाऱ्यांपेक्षा किंचित दाट असावा असा कायदा पाळतं. प्रतवारीची गंमत मात्र ऐकण्यासारखी. पूर्वी सर्वांत फिका पाक तो ‘फॅन्सी’, आणि काळा पाक ‘बी ग्रेड’, स्वयंपाकात ढकलायचा. फिका भारी का? तर तो जितका पांढऱ्या साखरेसारखा, तितका प्रतिष्ठित. पुढं गिऱ्हाईकच उलटलं, खरी चव काळ्यात आहे म्हणू लागलं, आणि २०१४ मध्ये ‘बी’ हा शब्दच काढून टाकून सगळ्यांना ‘ए’ करून टाकलं. आमच्या सौद्यात पिवळ्याधमक गुळाला भाव मिळतो म्हणून लोक आधणात हायड्रोस पावडर मारत आले, आणि आता पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक काळा गूळ दुप्पट दरानं मागतंय. पिवळा म्हणजे चांगला, असं तीस वर्षं मीही नमुना बघून लिहीत होतो.

डब्यावरच्या चित्रात बर्फ असतो, लाल कोठार असतं, बादल्या टांगलेली झाडं असतात. ज्यांनी विद्या दिली ते नसतात. त्यांचं पुढं काय झालं हे मला लेकीच्या घराजवळच्या वाचनालयात कळलं. १९२५ पासून अकरा वर्षं व्हर्मांट विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेन्री पर्किन्स यांनी ‘वंशसुधारणे’साठी घराण्यांची पाहणी चालवली: कोण गरीब, कोण ‘मंदबुद्धी’, कोणाच्या घरात तुरुंग आणि वेडेपणा. १९३१ साली राज्यानं नसबंदीचा कायदा केला. गोरगरीब, अपंग, कॅनडातून आलेले फ्रेंच आणि अबेनाकी रक्ताची घरं या पाहणीच्या तोंडी आली, आणि कित्येकांनी आपण कोण हे पोरांनाही सांगणं सोडलं. विधिमंडळानं माफी मागितली ती २०२१ मध्ये. चित्रासारखं देखणं ते राज्य, १९६८ पासून रस्त्याकडेला जाहिरातीचे फलकसुद्धा लावू देत नाही. पण त्या दिवशी परतताना मला मोकळ्या रस्त्याचं कौतुक वाटलं नाही.

म्हाताऱ्यानं दुसऱ्या खेपेला मला आपली राई दाखवली. बादल्या नावाला, पाहुण्यांसाठी चार. बाकी झाडाझाडाला निळी नळी, सलाईन लावल्यागत, आणि सगळ्या नळ्या उतारानं एका मोठ्या नळीत. खाली पंप रस ओढून घेतो. शुगरहाउसच्या मागच्या खोलीत गाळणीचं यंत्र. ते रसातलं निम्म्याहून जास्त पाणी आधण चढायच्या आधीच काढून टाकतं. अबेनाकींनी बर्फ फेकून साधलं ते यानं दाबानं साधलंय, एवढंच. २०२२ मध्ये राज्यानं साडेपंचवीस लाख गॅलन पाक काढला, देशातल्या उत्पादनाच्या निम्मा. शेजारचं क्वेबेक मात्र या सगळ्यांना खिशात घालतं. तो विषय म्हाताऱ्यापुढं काढू नये.

विद्यापीठाच्या मेपल संशोधन केंद्रानं २०१३ च्या सुमारास आणखी एक प्रयोग मांडला होता. मोठं झाड हवंच कशाला? मनगटाएवढी रोपं ओळीनं लावायची, शेंडा छाटायचा, त्यावर पिशवी बांधून रस ओढायचा. मी म्हणालो, “म्हणजे ऊसच की.” लेकीनं भाषांतर केलं. म्हातारा बराच वेळ सरपण रचत राहिला, मग म्हणाला, “मग मार्चमध्ये मी डोंगरावर कशाला जाऊ?”

निघताना त्याच्या बायकोनं ताटभर स्वच्छ बर्फ आणला, त्यावर कढत पाकाची धार सोडली. जागेवर चिक्कीसारखी तार झाली. नातीनं ती काटकीला गुंडाळून खाल्ली, शेजारी ठेवलेली आंबट काकडी चावली, आणि पुन्हा गोडाकडं वळली. तिथली रीतच ती, मध्ये आंबट खायचं म्हणजे आणखी गोड जातं. पाहुण्याचं पोट जाणणारी रीत.

एक डबा मी गावी आणला, काळ्यातला काळा. आमच्या भागात आता गुऱ्हाळं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एकावर वडिलांच्या वेळचा गुळव्या अजून बसतो, हात थरथरतो पण जीभ शाबूत. त्यानं तळहातावर थेंब घेतला, चाटला, डोळे मिटले. मी त्याला सगळं सांगितलं. झाड, बर्फ, चाळीसाला एक. त्यानं हात चुलवाणाच्या कडेला पुसला.

“माल चोख हाय,” तो म्हणाला. “पर लई कवळा उतरलाय. घटकाभर आनि ठेवायचा हुता, गूळ झाला असता.”